वटवाघळांच्या भरवशावरचं ग्रंथालय

कोइंब्राच्या जोआनिना ग्रंथालयात संध्याकाळी एक काम न चुकता होतं. दारं लावण्याआधी कर्मचारी तिथल्या जुन्या मेजांवर चामड्याची आच्छादनं घालतात, कारण रात्री वटवाघळं बाहेर पडतात. आपल्याकडच्या पडक्या देवळांतल्या पाकोळ्यांसारखीच ही चिमुकली जात. दिवसा कपाटांमागे दडून बसायचं आणि अंधार पडला की किडे टिपायचे. पुस्तकं पोखरणारे किडेही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. सकाळी चामडी उचलायची, लेंड्या झाडून फरशी पुसायची, आणि मगच पर्यटकांना आत सोडायचं.

हे ग्रंथालय ज्याचं, ते पोर्तुगालचं कोइंब्रा विद्यापीठ १२९० साली लिस्बनमध्ये स्थापन झालं. दोन्ही शहरांत त्याची बरीच ने-आण झाली आणि १५३७ मध्ये ते कोइंब्राला कायमचं आलं. मोंदेगू नदीकाठच्या टेकडीवरचा राजवाडाच पुढे त्याचं घर झाला. ब्राझीलमधून सोन्याचा ओघ चालू असताना पाचव्या जुआंव राजाने १७१७ ते १७२८ या काळात हे ग्रंथालय बांधून घेतलं. एकामागे एक तीन दालनं, लाल, हिरव्या, काळ्या रंगांवर चिनी धर्तीची सोनेरी नक्षी, आणि शेवटच्या भिंतीवर, चर्चमध्ये वेदी असते त्या जागी, खुद्द राजाचं चित्र! ज्ञानापेक्षा दात्याचीच आरती जास्त झाली आहे, असं मला तरी वाटतं.

लोक माना वर करून सोनं बघत राहतात. खरी करामत मात्र साध्या गोष्टींत आहे. भिंती दोन मीटरहून जाड, त्यामुळे बाहेर ऊन असो की थंडी, आतलं हवामान फारसं हलत नाही. दरवाजा सागवानी, युरोपात न उगवणारं हे लाकूड समुद्रापलीकडून आलेलं. कपाटं ओकची, त्या लाकडाच्या वासाने कीड दूर राहते, असं तिथले लोक सांगतात. या बंदोबस्तात सुमारे साठ हजार जुने ग्रंथ टिकून आहेत. त्यांतला एखादा अभ्यासकाला खरोखरच हवा असेल, तर तो आजही काढून दिला जातो. शोभेच्या ग्रंथालयांत हे विरळाच.

याच इमारतीच्या पोटात विद्यापीठाचा तुरुंग होता. १८३४ पर्यंत विद्यार्थ्यांचा न्यायनिवाडा विद्यापीठ स्वतःच करत असे, आणि शिक्षाही स्वतःच देत असे. अरुंद, काळोख्या कोठड्या बघितल्या की वरच्या सोन्याची झळाळी जरा उतरते. दोन्ही एकाच तिकिटात बघायला मिळतात, हे बरं.

विद्यापीठाच्या अंगणातल्या मनोऱ्यावरची घंटा तासांची वेळ सांगायची. विद्यार्थ्यांनी वैतागून तिला 'शेळी' म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव रुळलं. काळे झगे, फादो गाणी, मे महिन्यातला विद्यार्थ्यांचा उत्सव यांवर पर्यटन पुस्तिका भरभरून लिहितात, म्हणून इथे थोडक्यात आवरतो.

गोव्याच्या माणसाने मात्र या अंगणात थोडं रेंगाळावं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आदेओदातु बार्रेतु आणि तेलु द मास्कारेन्यश हे गोमंतकीय तरुण इथे शिकत होते. त्यांनी इथे भारतीय संस्था काढली आणि १९२८ मध्ये 'इंदिया नोव्हा' हे पत्र सुरू केलं. पोर्तुगालच्याच विद्यापीठात, पोर्तुगीज भाषेतून, नव्या भारताची बाजू मांडायची, हे धाडस काही लहान नव्हतं. याच विद्यापीठात तेव्हा सालाझार अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच १९२८ मध्ये ते अर्थमंत्री होऊन लिस्बनला गेले, पुढे हुकूमशहा झाले आणि गोवा सोडायला कधीच तयार झाले नाहीत. त्यांच्याच राजवटीत तेलु पोर्तुगालच्या तुरुंगात गेले. सुटले ते १९७० मध्ये.

सालाझारांनी कोइंब्रालाही सोडलं नाही. १९४० च्या दशकात विद्यापीठाच्या नव्या इमारतींसाठी टेकडीवरची जुनी वस्ती पाडली गेली आणि माणसं खाली हलवली गेली. २०१३ मध्ये युनेस्कोने विद्यापीठाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात जुना राजवाडा आणि या नव्या इमारती शेजारी शेजारीच आहेत. जोआनिनातून बाहेर पडून राजवाड्याची लोखंडी वेस ओलांडली, की त्या अवजड चौकोनी इमारती समोर येतात. फोटो तिथे कमी निघतात, पण बघायला त्याही हव्यात.