पालेंकेचा उतरता जिना

मेक्सिकोच्या चियापास प्रांतात, डोंगररांग संपून सपाट मुलूख जिथे सुरू होतो त्या उंबरठ्यावर, पालेंके नावाचे एक प्राचीन माया नगर दाट अरण्यात उभे आहे. त्याच्याविषयी जे जे हाती लागेल ते वाचण्याचा छंद मला कॉलेजच्या दिवसांत जडला, आणि पंचवीस वर्षे टिपणवह्या भरून झाल्यावर अखेर एका फेब्रुवारीत तिथे जाण्याचा योग आला, तेव्हा इतक्या वर्षांच्या वाचनाचा उद्या सकाळी कस लागणार या विचाराने आदल्या रात्री मला धड झोपही लागली नाही.

माया लोकांचा सामान्य इतिहास वाचकांना इतरत्र मिळेल. इथे तो जुजबीच सांगतो. आजच्या मेक्सिकोचा आग्नेय भाग, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास व एल साल्वादोर यांचा काही भाग हा त्यांचा प्रदेश, स्थूलमानाने इ. स. २५० ते ९०० हा त्यांच्या नगरराज्यांच्या भरभराटीचा काळ. शून्याची कल्पना त्यांनी स्वतंत्रपणे योजिली होती आणि त्यांची गणना विसाच्या पटीत चाले. १५६२ साली माणी गावी दिएगो दे लांदा या ख्रिस्ती धर्मगुरूने त्यांच्या पोथ्या अग्नीच्या स्वाधीन केल्या. लोक मात्र नष्ट झाले नाहीत; त्यांचे लक्षावधी वंशज आजही त्याच भूमीत मका पेरतात.

अशा स्थळी मनःशांतीसाठी जाण्याचा प्रघात अलीकडे जगभर वाढला आहे. चिचेन इत्सा या माया नगरातील पिरॅमिडच्या कठड्यावर विषुवदिनी सावलीचा सर्प उतरताना दिसतो, तो पाहायला हजारो माणसे जमतात. २१ डिसेंबर २०१२ रोजी माया कालगणनेचे एक महापर्व पूर्ण झाले तेव्हा तर जगाचा अंत होणार म्हणून मोठे काहूर उठले होते. मी पालेंकेला गेलो त्या सकाळीही शुभ्र वस्त्रे नेसलेली पंधरा-वीस मंडळी तिथल्या एका मंदिरासमोरच्या हिरवळीवर वर्तुळ करून, तळहात देवळाकडे वळवून, डोळे मिटून बसली होती. त्यांच्या श्रद्धेचा अनादर करण्याचे मला काहीच कारण नाही. मीही काही अंशी त्याच ओढीने तिथवर आलो होतो. परंतु ज्या वास्तूसमोर ते बसले होते तिच्या भिंतींवर सहाशेहून अधिक चिन्हांचा एक प्रदीर्घ लेख कोरलेला आहे आणि तो आज बऱ्याच अंशी वाचता येतो, हे ठाऊक असल्यामुळे मला राहून राहून वाटत होते की, यांनी डोळे उघडावेत. त्याच लेखात नगराच्या राजाच्या राज्यारोहणाच्या तिथीचा एक वर्धापनयोग इ. स. ४७७२ मध्ये येणार असल्याची नोंद आहे. जग २०१२ साली संपेल असे मानणारे लोक त्यापुढच्या पावणेतीन हजार वर्षांवरची तिथी दगडात कोरून ठेवीत नाहीत.

तो राजा म्हणजे किनिच जनाब पाकाल. जन्म ६०३, वयाच्या बाराव्या वर्षी ६१५ मध्ये राज्यारोहण, ६८३ मध्ये मृत्यू: अडुसष्ट वर्षांची कारकीर्द. ‘शिलालेखांचे मंदिर’ म्हणून ओळखली जाणारी नऊ टप्प्यांची ही वास्तू त्याचे समाधिस्थान आहे, ही गोष्ट मात्र १९५२ पर्यंत कोणासही माहीत नव्हती. माया पिरॅमिड म्हणजे वर देऊळ वाहणारा भरीव चबुतरा, आत काही नाही, असाच विद्वानांचा समज होता. आल्बेर्तो रुस लुईये या पुरातत्त्वज्ञाला वरच्या देवळातली एक फरशी निराळी दिसली. तिच्यात भोके होती, ती दगडी गुडद्यांनी बुजवलेली होती, आणि भिंती फरशीपाशी न थांबता खाली गेल्या होत्या. १९४९ मध्ये ती फरशी उचलली गेली, तो खाली जिना. आणि तो सारा जिना मुद्दाम दगडमातीने ठासून भरलेला. कोंदट उष्म्यात, दिव्याच्या उजेडात, पायरीमागून पायरी मोकळी करीत तळ गाठायला चार हंगाम लागले. तळाच्या दालनात भिंतींवर नऊ आकृती, मधोमध अखंड दगडाची शवपेटी, आणि तिच्यावर सुमारे ३.८ मीटर लांबीची कोरीव शिळा.

एक तपशील मला या साऱ्याहून अधिक हलवून जातो. शवपेटीपासून निघालेली एक पोकळ नळी जिन्याच्या कडेकडेने वर देवळाच्या जमिनीपर्यंत नेलेली आहे. जिना बुजवला, दार बंद केले, पण ही अरुंद वाट तेवढी ठेवली. मृत राजा आणि वर पूजा करणारे त्याचे लोक यांच्यात श्वासापुरता मार्ग उरावा म्हणून ती ठेवली असावी, असे रुस यांना वाटले.

त्या शिळेवरच्या चित्राला एरिक फॉन डेनिकेन या लेखकाने १९६८ साली अंतराळयानात बसलेला प्रवासी ठरवले आणि जगभर अनेकांनी ते खरे मानले. मला ही कल्पना केवळ चुकीची नव्हे, तर दरिद्री वाटते, कारण मुळातला अर्थ तिच्याहून कितीतरी श्रीमंत आहे: राजा पाताळाच्या जबड्यात आहे, त्याच्या देहातून विश्ववृक्ष वर गेला आहे, आणि तो मक्याच्या दाण्यासारखा मातीत जाऊन पुन्हा उगवणार आहे. शवपेटीच्या बाजूंवर तर त्याचे पूर्वज झाडांसह जमिनीतून उगवताना कोरले आहेत; आई साक कुक कोकोच्या झाडासह वर येते, इतरांबरोबर अव्होकाडो आहे, पेरू आहे. मेलेल्या वडीलधाऱ्यांची फळबाग! याच अरण्यात आपल्या चिकूचेही मूळ आहे. डहाणू-घोलवडच्या वाडीत ज्याची करंडी भरते तो वृक्ष मूळचा याच प्रदेशातला. त्याचे लाकूड इतके चिवट की तिकाल या माया नगरातील देवळांच्या दारांवर घातलेल्या त्याच्या कोरीव तुळया हजार वर्षांहून अधिक काळ पावसात टिकल्या. घरी परतल्यापासून चिकूची बी ताटाच्या कडेला ठेवताना माझा हात क्षणभर थांबतो.

आता माझ्या सर्वांत आवडत्या विषयाकडे येतो, आणि तिथे थोडा रेंगाळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. ज्या १९५२ साली रुस तळघरात पोचले, त्याच वर्षी दूर लेनिनग्राडमध्ये युरी क्नोरोझोव्ह या तरुण अभ्यासकाने, एकही माया नगर डोळ्यांनी न पाहता, या लिपीची किल्ली सांगणारा लेख प्रसिद्ध केला. आणि त्याचा आधार काय, तर पोथ्या जाळणाऱ्या त्याच लांदाने टिपून ठेवलेली तथाकथित वर्णमाला! क्नोरोझोव्ह यांचे म्हणणे असे की, ही सुट्या वर्णांची चिन्हे नव्हेत, एकेक व्यंजन व त्याला जोडलेला स्वर अशी ती अक्षरचिन्हे आहेत. पाकाल हे नाव प, क, ल या व्यंजनांच्या तीन चिन्हांनी लिहीत, प्रत्येकात ‘आ’ हा स्वर; वाचताना शेवटचा स्वर गाळायचा. युरोपीय पंडितांना हे पटायला वर्षे लागली. मराठी माणसाला ते एका क्षणात उमजते, कारण आपण ‘फणस’ लिहितो तेव्हा अंत्य ‘स’मधला अकार कागदावर असतो आणि तोंडात नसतो. ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा सातासमुद्रापलीकडचा तो लेखनिक मला शेजारच्या ओसरीवर बसलेला वाटला होता.

प्रवासाने माणूस बदलतो याचा दाखला हवा असेल तर लिंडा शीली यांचा घ्यावा. चित्रकला शिकवणारी ही अमेरिकन बाई १९७० साली सुटीत पालेंकेला आली ती या दगडांतच गुंतली. १९७३ मध्ये इथेच भरलेल्या परिषदेत पीटर मॅथ्यूज या विद्यार्थ्याबरोबर बसून तिने एका दुपारीत पालेंकेच्या राजांची वंशावळ जुळवली, आणि १९९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत माया लिपी हेच तिचे जीवितकार्य राहिले. तिच्यातला पालट एका फेरफटक्याने घडून आला असे कोणी म्हणेल, पण त्या दुपारीमागे तीन वर्षांचा खडतर अभ्यास होता. रुस यांचे चार हंगामही त्याच जातीचे. स्थळ माणसाला हाक देते हे मी मानतो. ओ देण्याचे काम मात्र पुष्कळ दिवस चालते.

माझा वाटाड्या चोल ही माया भाषा बोलणारा होता. अवशेषांतून वाहणाऱ्या ओढ्यावर माया स्थपतींनी दगडी छत घातले आहे; तिथे तो ओणवा झाला, ओंजळ भरली आणि म्हणाला, ‘हा’, म्हणजे पाणी. नगराचे प्राचीन नाव लाकामहा, म्हणजे महाजल, हे मी शंभर वेळा वाचले होते. पण कोरीव लेखातला तो ‘हा’ एका जिवंत माणसाच्या तोंडून ओंजळीतल्या पाण्याकडे पाहून उच्चारला गेलेला ऐकला तेव्हा माझे डोळे भरून आले. मी मक्याला काय म्हणता ते विचारले. ‘इशिम,’ तो म्हणाला, आणि आजी पेरणीआधी बियाण्याच्या टोपलीशी बोलत असे, हे त्याने अगदी सहज सांगितले. पंचवीस वर्षांच्या टिपणवह्यांत ही नोंद नव्हती.

आल्बेर्तो रुस १९७९ मध्ये वारले. त्यांची समाधी त्याच मंदिरासमोर बांधलेली आहे. तिथे दोन मिनिटे उभा राहिलो, आणि दिवसाचा उरलेला वेळ एका झाडाखाली बसून शिलालेखांची प्रत चाळण्यात घालवला. सायंकाळी हाउलर वानरे अरण्यात गर्जू लागली तेव्हा ती शुभ्रवस्त्रधारी मंडळी परत निघाली होती. त्यांच्यातल्या एका प्रौढ बाईंनी मी काय वाचतो आहे म्हणून विचारले. मी वहीत प, क, लची ती तीन चिन्हे काढून दाखवली, तर त्यांनी वही मागून घेऊन ती स्वतःच्या हाताने दोनदा गिरवली आणि शेवटचा स्वर गाळून ते नाव हलकेच उच्चारले.

जाणाऱ्यांसाठी शेवटी एवढेच सांगतो. तळघर आता सर्वसामान्य प्रवाशांना बंद आहे. तेव्हा रुस यांच्याच नावाच्या संग्रहालयासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवा. शवपेटीची पूर्णाकृती प्रतिकृती तिथे आहे, तिच्या चारी बाजूंनी फिरता येते, आणि पूर्वजांची झाडे एकेक करून ओळखता येतात.