स्वादुपिंडाच्या ऑपरेशनआधी एवढे विचारा

स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ काढताना तिथली एक छोटी रक्तवाहिनी बांधावी लागते. सहसा त्याने बिघडत नाही. पण काहींच्या पोटात, छाती-पोटामधल्या पडद्याचा चिवट पट्टा जठर-यकृताच्या मुख्य रक्तवाहिनीला दाबून असतो. त्रास जाणवत नाही, कारण याच छोट्या वाहिनीतून उलट्या वाटेने यकृताला रक्त मिळते. ती बांधली की यकृताला रक्त कमी पडू शकते. म्हणून सर्जन आधी ती चिमट्याने दाबून यकृताकडच्या वाहिनीचे ठोके पाहतात. ठोके थांबले तर बहुधा पट्टा कापून वाट मोकळी करतात. हा दाब सीटी अँजिओग्राफीत आधीच दिसू शकतो. आम्ही घरच्यांना सांगतो, सगळ्या फिल्म सोबत न्या आणि विचारा, “डॉक्टर, यकृताची रक्तवाहिनी दबलेली नाही ना?” विचारणे हा आपला हक्कच आहे.