पाळी गेल्यावरची गोळी

"पाळी गेली, सुटले बाई एकदाची!" असे आपल्याकडे बाया म्हणतात. म्हणतात, आणि रात्री उठून बसतात. अंगाची काहिली होते. घामाने चोळी भिजते. झोप लागत नाही. सून म्हणते, "सासूबाई उगीच करवादतात." उगीच नव्हे, सूनबाई. त्यांच्या अंगात एक मोठा बदल चाललेला असतो.

बाईच्या पोटात गर्भाची पिशवी असते. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. ते एक रस तयार करतात आणि रक्तात सोडतात. डॉक्टर त्याला हार्मोन म्हणतात. ह्या रसाने मुलगी वयात येते. पाळी येते. हाडे बळकट राहतात. ४५ ते ५० वर्षांच्या सुमारास, उन्हाळ्यात विहीर आटावी तसा हा रस आटतो. पाळी जाते. हे काही दुखणे नव्हे. पुष्कळ जणींची काहिली काही वर्षांनी आपोआप कमी होते.

पण ज्यांची पिशवीच काढली, त्यांचे काय?

कंधार-मुखेडाकडून दरसाल जोडपी ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यातूनही जातात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांची सरकारी समितीने पाहणी केली. नीलम गोऱ्हे समितीच्या प्रमुख होत्या. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायांत एक! तरण्याताठ्या बायाही त्यांत होत्या. अंगावर पांढरे जाते, पोट दुखते, म्हणून बाई दवाखान्यात जाते. "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल," असे ऐकून घाबरते. शिवाय खाडा पडला की मुकादम दंड कापतो. मग पाळीची कटकटच नको, असे तिला वाटते. तिला दोष कसा द्यावा?

नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजकोशांचा रस चालू राहतो. मात्र तो थोडा लवकर आटू शकतो. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर रस एकदम तुटतो. ३५ वर्षांच्या बाईला मग जोराची काहिली सुरू होते. पुढे हाडे लवकर ठिसूळ होतात. हृदयविकाराचा धोका वाढतो.

आटलेला रस औषधाने देता येतो. गोळी मिळते, कातडीवर लावायची चिकटपट्टी मिळते. काहिली कमी करायला याच्याइतके गुणकारी औषध दुसरे नाही. हाडेही सांभाळली जातात. मग सगळ्यांनीच का घेऊ नये?

अमेरिकेत १६,६०८ बायांवर ह्या औषधाची मोठी परीक्षा झाली. तिचा निकाल २००२ साली आला. समजा, माळेगावच्या जत्रेत १०,००० बाया बसल्या आहेत. त्या साऱ्यांनी वर्षभर गोळी घेतली. तर स्तनाचा कॅन्सर एरवीपेक्षा ८ जणींना जास्त होईल. लकवाही ८ जणींना जास्त होईल. खुब्याचे हाड मात्र ५ जणींचे कमी मोडेल. हे आकडे ऐकून जगभर बायांनी गोळ्या सोडल्या. पण त्या परीक्षेतल्या बायांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट मागे राहिली. पुढे डॉक्टरांनी पुन्हा हिशेब केला. वय ६० च्या आत असेल, पाळी जाऊन १० वर्षे झाली नसतील आणि त्रास फार असेल, तर बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. बीजकोश लहान वयात काढलेल्या बाईला तर हे औषध साधारण पन्नाशीपर्यंत देतात. तिच्या अंगात त्या वयात जे असायला हवे, तेच तिला परत मिळते.

पिशवी शाबूत असेल तर दोन औषधे जोडीने लागतात. एकटे दिले तर पिशवीच्या आतल्या थराला कॅन्सरचा धोका असतो. पिशवी नसेल तर एकच पुरते. म्हणून जावेची गोळी जावेने घेऊ नये.

स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, लकवा किंवा हृदयाचा झटका येऊन गेला असेल, काविळीसारखे यकृताचे दुखणे असेल, तर ही गोळी चालत नाही. तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. आतली जागा कोरडी पडून आग होत असेल, तर नुसते मलमही पुरते. लाजून गप्प बसू नये.

गोळी घ्या अथवा न घ्या, हाडांसाठी दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला पोटात जाऊ द्या. तंबाखूची मिसरी सोडा.

पाळी जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा रक्त दिसले, तर "विटाळ परत आला" म्हणून घरी बसू नका. तपासणी करा. नांदेडला विष्णुपुरीचे सरकारी रुग्णालय आहे. लातूरलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

जाताना ऑपरेशनचा जुना कागद बरोबर घ्या. तो बहुधा इंग्रजीत असतो. डॉक्टरांना विचारा, "माझी नुसती पिशवी काढली, का बीजकोशही काढले?" आणि त्याचे उत्तर त्याच कागदाच्या मागे मराठीत लिहून घ्या.