आज्ञावलीचे वाचन व चित्राची उपयुक्तता

संगणकाची आज्ञावली लिहिली जाते एकदा. वाचावी मात्र अनेकदा लागते. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली दुरुस्त करावयाची म्हणजे प्रथम ती समजून घेणे आले, आणि हजारो ओळींच्या मजकुरापैकी पडद्यावर एका वेळी दिसतात त्या फार तर पन्नास. यास्तव चित्राचे साहाय्य घ्यावे, ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन यांनी १९४७ सालीच आज्ञांचा क्रम चौकटी व बाण काढून दाखविला होता.

पुढे कित्येक वर्षे अशी प्रवाहचित्रे अपरिहार्य मानली गेली. परंतु १९७७ साली बेन श्नाइडरमन व त्यांचे सहकारी यांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा तपशीलवार प्रवाहचित्र हाती असल्याने आज्ञावली अधिक चांगली समजते, असे आढळले नाही. भाषाभ्यासकाला यात नवल वाटू नये. जे ओळीत आहे तेच चौकटीत लिहिले, तर ते केवळ लिप्यंतर झाले. ज्ञानात भर ती काय पडली?

याउलट, ज़िलिएराँ यांचा फ्रान्सचा बोली-नकाशासंग्रह (१९०२–१९१०) पाहावा. सहाशे एकोणचाळीस गावांतील बोलींची सामग्री हाताशी असूनही त्यातील प्रत्येक नकाशा सामान्यतः एकच प्रश्न विचारतो : अमुक शब्दाला कोठे काय म्हणतात? बाकी सर्व तो निग्रहाने वगळतो, आणि म्हणूनच तो वाचता येतो.

आज्ञावलीच्या चित्रांत हा निग्रह मला ‘सीसॉफ्ट’मध्ये दिसतो. बेल प्रयोगशाळेत स्टीफन आयक व त्यांचे सहकारी यांनी हे साधन तयार केले. त्याचे वर्णन १९९२ साली प्रसिद्ध झाले. त्यात आज्ञावलीची प्रत्येक ओळ म्हणजे एक अतिबारीक रेघ. अलीकडे बदललेली ओळ तांबडी, फार जुनी ती निळी. पन्नास हजार ओळी एकाच पडद्यावर मावतात. अक्षर एकही वाचता येत नाही. परंतु बदल कोठे झाला व कोठे झाला नाही, हे क्षणात कळते. शिवाय हव्या त्या रेघेपासून मूळ मजकुराकडे जाता येते. ही सोय क्षुल्लक मानू नये. जे चित्र मजकुराकडे परत नेत नाही, ते भिंतीवर लावण्यापुरतेच उपयोगी.

याचा अनुभव आम्हांस घरीच आला. मराठी शब्दरूपांची गणना करणारी आमची एक आज्ञावली ‘वाऱ्याने’, ‘दोऱ्याला’, ‘चेहऱ्यावर’ अशी रूपे गाळू लागली. लिहिणारा सहायक केव्हाच निघून गेला होता, आणि त्या आकड्यांवर एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे एक प्रकरण उभे होते. प्रथम आम्ही कोणता भाग कोणत्या भागास बोलावतो याचे बाणांचे चित्र काढविले. ते निव्वळ कोळ्याचे जाळे निघाले. मग ओळी वयानुसार रंगविल्या. शब्द ओळखणारा भाग तांबडा, तर सामान्यरूपांची यादी पूर्णपणे निळी! एकाच कामाचे दोन भाग, आणि बदल मात्र एकातच. ‘वाऱ्या’मधील अर्धा ‘र’ संगणकात दोन भिन्न संकेतक्रमांनी साठविता येतो; डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. नव्या भागाने एक क्रम स्वीकारला होता, जुनी यादी दुसराच धरून बसली होती. यादी सुधारण्यास एक दुपार पुरली. प्रकरणातील कोष्टके मात्र त्या विद्यार्थिनीला पुन्हा मांडावी लागली.

लुगानो येथील वेटेल व लान्झा यांच्या ‘कोडसिटी’त आज्ञावलीचे नगर होते : प्रत्येक वर्ग एक इमारत, आणि जितक्या पद्धती अधिक तितकी ती उंच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात नेहमीची साधने वापरणाऱ्यांच्या तुलनेत उत्तरांची अचूकता २४ टक्क्यांनी वाढली व वेळ १२ टक्क्यांनी घटला. हे यश खरे आहे. तथापि, अवाढव्य वर्ग कोणता, या प्रश्नाला नगर जितके तत्परतेने उत्तर देते, तितके ‘ही यादी जुनी का राहिली’ या प्रश्नाला उंचीवरून देणार नाही. त्यासाठी इमारतींना वयाचा रंग द्यावा लागेल.

आमचे ते बाणांचे चित्र अद्याप विभागाच्या भिंतीवर आहे. पाहुणे त्याची फार स्तुती करतात.