फाईल उघडतो कोण?

अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत असें सुशिक्षित घर आज क्वचितच सांपडेल कीं ज्याच्या दप्तराचा कांहीं भाग संगणकांत गेलेला नाहीं. घरखर्चाचा हिशेब, कुलवृत्तान्तासाठीं जमविलेली वंशावळ, श्राद्धतिथींची यादी, सोसायटीच्या सभांचे वृत्तान्त हें सर्व पूर्वीं कापडी बासनांत किंवा ट्रंकेंत असे. आतां तें ‘फाइलीं’त असतें. ‘फाईल उघडली’, ‘फाईल नाहींशी झाली’ हे शब्द आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या तोंडीं आहेत. परंतु फाईल उघडतो कोण, असा प्रश्न केल्यास बहुतेक जण ‘मी’ असें सांगतील. फार तर ‘प्रोग्राम’ असें उत्तर येईल. हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. घरांतील महत्त्वाचा कागद संगणकांतून एकाएकीं दिसेनासा होतो, तेव्हां पुष्कळदां त्याचें मूळ ह्या उघडण्याच्या व्यवहारांतच असतें. म्हणून तो समजून घेणें प्रत्येक घराच्या हिताचें आहे.

प्रोग्राम म्हणजे सूचनांची एक मालिका. ती कितीहि कुशलतेनें रचलेली असो, संगणकाच्या साठ्याला तिला स्वतः हात लावतां येत नाहीं. प्रोसेसर दोन प्रकारच्या अधिकारांनीं काम करतो. सामान्य प्रोग्रामांना मर्यादित अधिकार असतो. पूर्ण अधिकार ‘ऑपरेटिंग सिस्टिम’च्या गाभ्याला, म्हणजे ‘कर्नल’ला असतो. डिस्कवर काय आहे, कोठें आहे आणि कोणाच्या मालकीचें आहे, ह्याची नोंद कर्नलपाशीं. ज्या ग्रंथालयांत कपाटें बंद असतात तेथें वाचक आपण होऊन आंत जात नाहीं. तो चिठ्ठी लिहून देतो, ग्रंथपाल नोंदवही पाहतो, सभासदाचा हक्क तपासतो आणि मग पुस्तक काढून देतो. प्रोग्रामाची अशी चिठ्ठी म्हणजे ‘सिस्टिम कॉल’, आणि फाइलीसाठीं द्यावयाच्या चिठ्ठीचें नांव ‘ओपन’.

ह्या चिठ्ठींत मुख्यतः तीन गोष्टी असतात: फाइलीचें नांव, ती कशासाठीं हवी ह्याच्या खुणा, आणि ती नवी करावयाची असल्यास कोणाला कोणती मोकळीक द्यावयाची तें. लिनक्समध्यें कर्नल नांवांतील मार्ग एकेक पायरीनें चालतो. प्रत्येक पायरीस पुढें जाण्याची परवानगी आहे कीं नाहीं हें पाहतो आणि शेवटीं फाइलीच्या नोंदीपाशीं पोहोंचतो. सर्व ठीक असल्यास तो प्रोग्रामाच्या हातीं प्रत्यक्ष फाईल देत नाहीं. एक लहानसा क्रमांक देतो. हा जणूं पितळी बिल्ला. पुढचें वाचन-लेखन त्या बिल्ल्यावर चालतें. ०, १ आणि २ हे क्रमांक सामान्यतः आधींच नेमलेले असतात, म्हणून प्रोग्रामानें उघडलेल्या पहिल्या फाइलीस बहुधा ३ हा क्रमांक मिळतो. काम संपल्यावर ‘क्लोज’ म्हणून बिल्ला परत करावा लागतो. न केल्यास बिल्ले सांचत जातात आणि नेमलेली मर्यादा, पुष्कळ ठिकाणीं १०२४, संपल्यावर पुढची मागणी नाकारली जाते.

मागणी मान्य झाली नाहीं तर प्रोग्रामास सामान्यतः उणें एक हें उत्तर मिळतें आणि शेजारीं कारणाचा क्रमांक असतो. लिनक्सवर २ म्हणजे ‘असें नांव नाहीं’. १३ म्हणजे ‘तुम्हांस परवानगी नाहीं’. १७ म्हणजे ‘ह्या नांवाची फाईल आधींच आहे’. २४ म्हणजे ‘तुमचे बिल्ले संपले’. ह्याहून स्पष्ट उत्तर दुसऱ्या कोणत्या कचेरींत मिळेल? मात्र तें वाचणें हें प्रोग्राम लिहिणाराचें कर्तव्य आहे.

आतां त्या खुणांविषयीं. ज्यांनीं थोडेंबहुत संस्कृत व्याकरण पाहिलें आहे त्यांना पाणिनीचे अनुबंध आठवतील. ‘क्त’ ह्या प्रत्ययांतील ककार सिद्ध शब्दांत कोठेंच ऐकूं येत नाहीं. परंतु त्याच्या उपस्थितीमुळें ‘कृ’चा गुण होत नाहीं व ‘कृत’ असें रूप होतें. ‘तव्य’ ह्या प्रत्ययाला तो ककार नाहीं, म्हणून तेथें ‘कर्तव्य’ होतें. ‘ओपन’च्या खुणा ह्याच जातीच्या आहेत. त्या फाइलींत कोठेंहि उमटत नाहींत, पण कार्य त्याच ठरवितात. ‘क्रिएट’ ही खूण म्हणते, नांव सांपडलें नाहीं तर त्या नांवाची नवी फाईल कर. तिच्याबरोबर ‘एक्स्क्लूझिव्ह’ असल्यास अर्थ असा कीं, नवीच कर. आधींची असेल तर नकार दे. ‘अपेंड’ म्हणजे जें लिहीन तें शेवटीं जोड. आणि ‘ट्रंकेट’ म्हणजे आधींचा सर्व मजकूर पुसून मग हातीं दे.

ही योजना युनिक्सपासून आलेली आहे. १९६९ पासून अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं ती प्रणाली रचली. प्रारंभीं उघडणें आणि निर्माण करणें ह्यांसाठीं दोन स्वतंत्र कॉल होते. दुसऱ्याचें नांव ‘क्रिएट’ खरें, पण इंग्रजी शब्दांतील शेवटचें ‘ई’ अक्षर त्यांत गाळलेलें होतें. युनिक्स पुन्हां रचावयाचें झाल्यास काय बदलाल असें विचारलें असतां, त्या शब्दांत ‘ई’ घालीन, असें थॉम्प्सन ह्यांनीं विनोदानें सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. पुढें निर्माण करण्याचें काम ‘ओपन’च्याच एका खुणेंत आलें. लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्यांच्या १९९१ च्या लिनक्सनें हीच रीत चालविली, आणि अँड्रॉइड फोनांत लिनक्सचाच गाभा असल्यामुळें ती आज लोकलमधील असंख्य प्रवाशांच्या खिशांत आहे. विंडोजमध्यें तर जुनी फाईल उघडावयाच्या कॉललासुद्धां ‘क्रिएटफाईल’ असेंच नांव आहे.

येथपर्यंतचा व्यवहार सर्व भाषांना सारखाच. आपणां मराठी लोकांची विशेष अडचण ह्यापुढें आहे.

देवनागरी लिपि संगणकाच्या पडद्यावर नीट उमटावी म्हणून झालेल्या प्रयत्नांपैकीं कांहीं आपल्या उपनगरांतच झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील एका केंद्रांतून १९८५ सालीं निघालेली ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही संस्था जुहूस होती; ती पुढें सी-डॅकमध्यें विलीन झाली. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिपी दिसाव्या म्हणून तिनें ‘इंडिक्स’ नांवाचें काम हातीं घेतलें. पवईच्या आय. आय. टी.त अध्यापन केलेले विख्यात सुलेखनकार र. कृ. जोशी नंतर ह्याच संस्थेंत होते. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. ह्या मंडळींमुळें आपलीं अक्षरें डोळ्यांना नीट दिसूं लागलीं. परंतु कर्नलला डोळे नाहींत. त्याला फाइलीचें नांव म्हणजे केवळ बाइटांची ओळ. त्यांत तिरपी रेघ आणि शून्य बाइट एवढीं दोन निषिद्ध, बाकी सर्व ग्राह्य. यूटीएफ-८ ह्या लेखनपद्धतींत (तीहि १९९२ सालीं थॉम्प्सन व रॉब पाइक ह्यांनीं रचिली) देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, मग तें अक्षर असो कीं काना-मात्रा, तीन बाइट घेतें. लिनक्सच्या नेहमींच्या व्यवस्थेंत एका नांवास २५५ बाइटांची मर्यादा आहे. म्हणजे नांव मराठींत लिहिल्यास फक्त ८५ चिन्हें.

आतां ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यांतील अर्धा ‘ऱ’ दोन रीतींनीं लिहितां येतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’साठीं स्वतंत्र जागा आहे, त्याला हलन्त जोडलें कीं झालें. दुसऱ्या रीतींत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढें शून्य रुंदीचें एक अदृश्य जोडचिन्ह येतें. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. पण पहिल्याचे बाइट १८ होतात आणि दुसऱ्याचे २१. कर्नलच्या मतें हीं दोन वेगळींच नांवें.

समजा, बोरीवलीच्या एका घरांत आजोबांनीं चार महिने खपून वऱ्हाडांतील शाखेची वंशावळ लिहिली आणि फाइलीला ‘वऱ्हाड’ हें नांव दिलें. नातवानें एक दिवस दुसऱ्या कळफलकानें तेंच नांव टाईप केलें. प्रोग्रामानें केवळ ‘उघड’ असें म्हटलें असतें तर कर्नलनें २ हें उत्तर दिलें असतें आणि नांवांत कांहींतरी चुकतें आहे हें तत्काळ कळलें असतें. परंतु पुष्कळ प्रोग्राम ‘क्रिएट’ची खूण जोडून ठेवतात. कर्नल नांव शोधतो, तें सांपडत नाहीं, तो आज्ञेप्रमाणें नवी कोरी फाईल करतो आणि काम झालें असें कळवितो. पडद्यावर पांढरें पान येतें. सर्व मेहनत बुडाली असें वाटून घरांत हाहाकार होतो, आणि आजोबांची फाईल मात्र शेजारींच सुखरूप पडलेली असते!

‘ट्रंकेट’चा धोका ह्याहून मोठा आहे, कारण तेथें मजकूर खरोखरीच जातो. ह्या खुणेनें फाईल उघडतांक्षणींच जुना मजकूर शून्य होतो. नवें अक्षर अद्याप एकहि लिहिलेलें नसतें. त्या फटींत वीज गेली तर जुनें गेलें आणि नवें आलें नाहीं अशी गत होते. शिवाय लिहिलेलें आधीं स्मृतींत राहतें व मागाहून डिस्कवर उतरतें. म्हणून जाणते प्रोग्रामकार निराळ्या नांवाची नवी फाईल ‘क्रिएट’ व ‘एक्स्क्लूझिव्ह’ ह्या खुणांनीं करतात, सर्व मजकूर तींत लिहितात, ‘एफसिंक’ म्हणून तो डिस्कवर उतरल्याची खात्री करून घेतात, आणि मगच ‘रिनेम’नें तिला जुन्या फाइलीच्या जागीं बसवितात. शेवटपर्यंत जुनी प्रत शाबूत राहते.

‘फाईल आहे का?’ असें आधीं विचारून मग निर्माण केल्यानें काम भागणार नाहीं का, अशी शंका येईल. संध्याकाळच्या बोरीवली गाडींत दारांतून रिकामी दिसलेली जागा आपण पोहोंचेपर्यंत रिकामी राहते का? पाहणें आणि बसणें ह्यांमध्यें दुसरा येऊन बसतो. दोन प्रोग्राम एकाच वेळीं चालत असतां हेंच घडतें. ‘एक्स्क्लूझिव्ह’च्या खुणेनें पाहणें व निर्माण करणें हीं दोन कामें कर्नल एका अखंड क्रियेंत उरकतो, दोघांपैकीं एकालाच फाईल मिळते, दुसऱ्याला १७ हें उत्तर येतें.

आपल्या घरांतून आज अनेक मुलेंमुली प्रोग्राम लिहावयास शिकत आहेत. त्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, ‘ओपन’चें उत्तर पाहिल्यावांचून पुढची ओळ लिहूं नये, आणि ‘क्रिएट’ व ‘ट्रंकेट’ ह्या खुणा संवयीनें जोडूं नयेत. इतर मंडळींनीं मराठी नांवांसाठीं घरांत शक्य तों एकच कळफलक ठेवावा आणि महत्त्वाच्या फाइलीची दुसरी प्रत निराळ्या जागीं असूं द्यावी. एखादी फाईल अकस्मात् कोरी दिसली तर तींत कांहीं लिहूं नये व ती जतनहि करूं नये. आधीं यादी उघडून एकाच नांवाच्या दोन फाइली दिसतात का तें पाहावें. दिसल्यास त्यांचे आकार ताडून पाहावेत आणि जी मोठी असेल ती प्रथम उघडावी.