दौत: एका साध्या वस्तूचे जतन

आज आपण बॉलपेनने सहज लिहितो. पूर्वी मात्र बोरू किंवा टाक शाईत बुडवून लिहावे लागे. ही शाई ठेवण्याचे भांडे म्हणजे दौत. आपल्याकडे पितळी दौती प्रचलित होत्या. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये माणसांच्या व पशुपक्ष्यांच्या आकाराच्या चिनी मातीच्या दौतीही घडवल्या जात.

पुढे दौतीची गरज संपली. निरुपयोगी ठरलेली पितळी वस्तू मोडीत जाते. ती वितळली, की तिच्यावरील कारागिरीही कायमची नाहीशी होते. ही हानी पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी ओळखली. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी सुमारे १९२० पासून गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती अशा नित्य वापरातील वस्तू जमवल्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ लाभली. बालपणीच निधन पावलेल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालयाला ‘राजा’ हे नाव जोडले आणि २०,०००हून अधिक वस्तूंचा हा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

आपल्या घरातील जुनी वस्तू मोडीत देण्यापूर्वी ती कोणी व कशासाठी वापरली, हे वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे. जतनाचा प्रारंभ तेथूनच होतो.