पीडीए म्हणजे हृदयाचं भोक नव्हे

बाळाच्या छातीत डॉक्टरांना आवाज ऐकू आला, की निपाणी-चिकोडीकडच्या घरांत एकच वाक्य फिरतं: हृदयाला भोक आहे. पुढचा सल्लाही ठरलेला, मोठं झालं की बुजतंय! पीडीए या आजारात या दोन्ही गोष्टी बहुतेकदा चुकीच्या असतात.

पीडीएमध्ये हृदयाच्या पडद्याला भोक नसतंच. आईच्या पोटात बाळाच्या फुप्फुसांना काम नसतं, म्हणून रक्त एका छोट्या नळीतून फुप्फुसांना वगळून थेट महारोहिणीत जातं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ही नळी आकसते आणि दोन-तीन आठवड्यांत कायमची बंद होते. काही बाळांत ती उघडीच राहते, तोच पीडीए. मग रक्त उलट दिशेनं महारोहिणीतून फुप्फुसांत शिरतं. शरीराकडे निघालेलं रक्त पुन्हा फुप्फुसांत जातं, आणि हृदयाला तेच काम दोनदा करावं लागतं.

‘आपोआप बुजेल’ यात तथ्य आहे, पण ते मुख्यतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांपुरतं. त्यांची नळी कधी आपोआप, कधी आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलसारख्या औषधानं मिटते. पूर्ण दिवसांच्या बाळात नळीच्या भिंतीतच दोष असतो. तिथे औषध चालत नाही, आणि वर्ष उलटल्यावर ती स्वतःहून बंद होणं विरळाच. आवाजही न येणारी अगदी बारीक नळी डॉक्टर नुसती नजरेखाली ठेवतात. मोठ्या नळीचं तसं नाही. बाळ दूध पिताना घामाघूम होतं, वजन धरत नाही, न्यूमोनिया वारंवार होतो. घरचे मात्र ‘पोर निळं तर पडत नाही ना’ म्हणून निर्धास्त! खरं तर पीडीएचं बाळ सुरुवातीला निळं पडतच नाही. वर्षानुवर्षं जादा रक्ताचा दाब सोसून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या, की प्रवाह उलटतो आणि पायाची बोटं निळी दिसू लागतात, हाताची मात्र बऱ्याचदा गुलाबीच असतात. या अवस्थेत नळी बंद करणंच धोक्याचं ठरतं. निळं पडण्याची वाट पाहणं म्हणजे उपचाराची वेळ घालवणं.

‘छाती फाडावी लागणार’ ही भीती जुन्या काळातली आहे. १९३८ मध्ये बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची छाती उघडून ही नळी बांधली होती. पण छाती न उघडता ती बंद करण्याचा मार्ग जर्मन डॉक्टर वेर्नर पोर्स्टमान यांनी १९६७ मध्येच जगापुढे मांडला. आज कॅथलॅबमध्ये जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक कॅथेटर नळीपर्यंत नेतात आणि बाटलीला बूच लावावं तसं जाळीदार डिव्हाइस तिथे बसवतात. टाके लागत नाहीत. मूल बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातं. अमेरिकेत २०१९ पासून अवघ्या ७०० ग्रॅम वजनाच्या बाळासाठीही असं डिव्हाइस मान्य आहे. अर्थात धोका शून्य नाही. डिव्हाइस सरकणं, थोडी गळती राहणं, जांघेतल्या शिरेला इजा होणं, असं क्वचित घडतं. नळी फार मोठी किंवा आकारानं गैरसोयीची असेल, तर आजही शस्त्रक्रियाच बरी.

डिव्हाइस गंजेल का? नाही. ते निकेल-टिटॅनियमच्या तारेचं असतं आणि काही महिन्यांत त्यावर शरीराचंच अस्तर चढतं. मूल वाढलं म्हणून ते बदलावं लागत नाही. एमआरआय करता येतो, फक्त आधी डिव्हाइसचं कार्ड दाखवायचं. पहिले सहा महिने दाताचं काही काम निघालं, तर डॉक्टरांना डिव्हाइसबद्दल आठवणीनं सांगायचं.

मुलीचं पुढं कसं, हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. पीडीए मुलांपेक्षा मुलींत जास्त आढळतो, म्हणून तो येतोच. नळी वेळेवर बंद झाली आणि फुप्फुसांचा दाब ठीक असला, तर खेळ, लग्न, बाळंतपण, कशालाच आडकाठी नाही. बाळंतपणात जिवावर बेततं ते नळी लपवून ठेवल्यानं आणि फुप्फुसं बिघडू दिल्यानं. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून सुनेला बोल लावणंही थांबवा. बहुतेकदा कारण सापडतच नाही. माहीत असलेलं एक कारण म्हणजे गरोदरपणातला रुबेला, आणि त्यावर लस आहे. गोवर-रुबेला लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात कर्नाटक आणि गोवा होते.

राहिला पैसा. सीमाभागात हा प्रश्न रेशनकार्डापाशी अडतो. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून पावलं कोल्हापूरकडे वळतात. कार्ड मात्र कर्नाटकचं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, कर्नाटकानं त्यावर आक्षेप घेतला. माझं मत विचाराल, तर बाळाच्या नळीनं या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांना पुढे पाठवतं. सरकारी दवाखान्यातून रेफरलची चिठ्ठी घ्या आणि योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा. आणि डॉक्टरांनी ‘आवाज येतोय’ म्हटलं असेल, तर जत्रा-सुगीची सबब न सांगता याच महिन्यात बाळाचा टू-डी एको करून घ्या.